टाकी भरली, पंप चालू

रोज उठून पंपाचं बटण कोणी दाबायचं, एवढाच प्रश्न होता. बायकोचं म्हणणं, टाकी भरली की पंप बंद करणारा तयार फ्लोट दुकानात मिळतो, तो आणून टाका. आता मी पडलो कारखान्यात मीटरसाठी चिप निवडणारा माणूस. (निवडतात साहेब, सही मी करतो.) माझ्या घरात तयार फ्लोट? हे मला फारच लागलं.

मी ठरवलं, गच्चीवर टाकीपाशी एक ट्रान्सीव्हर चिप, खाली पंपापाशी दुसरी आणि मध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. वरची 'भरली' की 'रिकामी' ते सांगणार, खालची ऐकून पंप चालवणार. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, खालची चिप बघते तो फक्त दोघींमधला फरक, हे मी राहायला आलेल्या सासूबाईंना समजावून सांगितलं. "म्हणजे नवरा-बायकोसारखंच," मी म्हणालो. त्यांनी लेकीकडे पाहिलं, फरक तर आहेच म्हणाल्या आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागल्या.

चिप कोणत्या कंपनीची घ्यावी यावर मात्र माझं घोडं अडलं. दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं इतकी गोड की एकीलाही दुखवणं जिवावर आलं. शेवटी एकीची वर बसवली, दुसरीची खाली. दोन्ही चिपांच्या एका पायावर ए लिहिलेलं, दुसऱ्यावर बी. मी ए ला ए जोडला, बी ला बी. दुसरं कोणी काय केलं असतं?

रविवारी दुपारी जोडणी झाली आणि पंप आपोआप सुरू झाला. मी स्वतःच टाळी वाजवली. टाकी सकाळीच काठोकाठ भरलेली असताना पंप का सुरू व्हावा, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडला मागच्या गॅलरीत धो धो पाणी यायला लागल्यावर.

आणि त्याच गॅलरीत परवा मी नवरीचा पांढरा झगा टांगलेला पाहिला होता. बायको घरी शिवणकाम करते. ही तिची पहिली मोठी ऑर्डर, मणी लावता लावता डोळे शिणले होते बिचारीचे, आणि नवरी संध्याकाळी झगा न्यायला येणार होती. पाण्याच्या धारेमागे काहीतरी पांढरं निथळताना दिसलं.

"अहो, आधी पंप बंद करा," बायको आतून म्हणाली.

इथे कोणीही शहाणा माणूस पंप बंद करतो. मी मल्टीमीटर आणला. बिघाड चालू असतानाच पकडावा, बंद केला की पुरावा जातो, अशी आमच्याकडची शिकवण. तारा तपासल्या, ठणठणीत. चिप बदलली, धबधबा तसाच. मग दोन्ही माहितीपत्रकं शेजारी शेजारी धरली आणि घोळ कळला. एका कंपनीचा ए म्हणजे दुसरीचा बी! वरची चिप जीव तोडून 'भरली, भरली' सांगत होती आणि खालची 'रिकामी' ऐकून पंप पळवत होती.

मी तारांची अदलाबदल केली. पंप थांबला. सापडलं, सापडलं, म्हणत मी वळलो, तर मागे सासूबाई उभ्या. त्यांनी पंपाचा प्लगच उपटून हातात घेतला होता.

मग मान खाली घालून बायकोसमोर गेलो. तिची इतकी मेहनत मी पाण्यात घातली होती, मला खरंच रडू येत होतं.

"माझं चुकलं. नवरीला मी सांगतो, तू काही बोलू नकोस."

"काय सांगणार तिला? झगा शेजारच्या काकूंकडे आहे. काल तुम्ही तारा घेऊन आलात तेव्हाच नेऊन ठेवला."

"मग ते पांढरं काय निथळतंय?"

"तुमचा ऑफिसचा सदरा. सकाळी मी सगळ्यांना सांगून आले, तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं."

सगळे म्हणजे कोण, ते मला कळेना. मी गॅलरीतून बाहेर डोकावलो. कडक उन्हाचा रविवार, आणि अख्ख्या गल्लीत एकाही दोरीवर कपडा नव्हता.