चाळिसावी प्रवासी

त्या मंगळवारी मी ठरवलं ते एवढंच, की तो पॅडवाला माणूस डब्यातून पुढे जाईपर्यंत संडासात जाऊन उभं राहायचं. एवढ्याशा निर्णयाने एक अख्खी रेल्वेगाडी नाहीशी होते, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी बाकावरच बसून राहिले असते. (निदान प्रयत्न केला असता.)

आम्ही या गावात नवीन आहोत. माझी शाळा तीन स्टेशनं पलीकडे आहे आणि मी सकाळी सात अठराच्या गाडीने जायचे. आमच्या स्टेशनवरून चढणारी मी एकटीच. गाडीत मात्र चष्मेवाल्या काकू आधीपासून बसलेल्या असायच्या आणि शेजारच्या जागेवर माझ्यासाठी त्यांची चष्म्याची डबी ठेवलेली असायची. त्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. समोरच्या प्रवाशाचा नंबर नुसता बघून ओळखायच्या.

"तो पेपर वाचणारा बघ. उणे अडीच. आणि आता तू सांग, ती निळ्या साडीतली?"

"अधिक... एक?"

"शाब्बास! मला दोन वाटले होते, पण तुझंच बरोबर असेल."

दिवसभरात मला काही विचारून उत्तराची वाट पाहणारं माणूस तेवढं एकच. शाळेत मला प्रश्न विचारतात, पण माझं तोंड उघडेपर्यंत दुसऱ्या कोणाचं तरी उत्तर देऊन झालेलं असतं.

तर त्या मंगळवारी पॅड घेतलेला एक माणूस डब्यात शिरला. तो एकेकाकडे बघत पेन्सिलीने रेघ मारत येत होता. मी उठले.

"अगं, कुठे चाललीस? तो फक्त माणसं मोजतोय," काकू म्हणाल्या.

"पण त्याने काही विचारलं तर?"

"काय विचारणार? तू माणूस आहेस का, असं?"

तोवर मी संडासात शिरून आतून कडी लावली होती. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी भिंतीवरच्या सूचना दोनदा वाचल्या.

दीड महिन्यानंतर एका सोमवारी सात अठराची आलीच नाही. उशीर झाला असेल म्हणून मी थांबले आणि सात पंचावन्नची आली तिच्यात चढले. तिच्यात काकू नव्हत्या. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. रोज शाळेत उशीर. बाई कारण विचारायच्या आणि मी "पोटात दुखत होतं" म्हणायचे, कारण गाडीचं सगळं समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. बुधवारी बाईंनी घरी फोन केला. तीन दिवस पोट दुखतंय म्हटल्यावर आईने कपाटातली तपकिरी कडू बाटली काढली. तीही मी दोन चमचे प्यायले. समजावून सांगण्यापेक्षा तेही सोपंच होतं.

गुरुवारी मात्र धीर करून तिकिटाच्या खिडकीशी गेले. खिडकीतले काका चहा फुंकत होते.

"काका, सात अठराची..."

"कुठली सात अठराची?"

"रोजची."

"अशी गाडी नाही." त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. सहा बत्तीसच्या खाली थेट सात पंचावन्न. मध्ये खोडलेलंसुद्धा काही नव्हतं. जणू त्या दोन गाड्या जन्मापासून शेजारी राहत होत्या.

"पण गेल्या आठवड्यात होती."

"गेल्या आठवड्यात तक्ता जुना होता."

"सांगितलं नाही कोणी..."

"नसलेल्या गाडीची सूचना कशी लावणार बाळ?" असं म्हणून त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

तेव्हापासून मी सहा बत्तीसने जाऊ लागले. शाळेचं फाटक उघडेपर्यंत तासभर पायरीवर बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नंबर ओळखायचे. बरोबर की चूक, ते सांगायला कोणी नाही. काकूंचं नाव मला माहीत नव्हतं. एकदा शाळेजवळच्या चष्म्याच्या दुकानात डोकावले, तर आतल्या माणसाने "या ना, नंबर तपासायचाय?" म्हणून खुर्चीच पुढे केली. मी धूम ठोकली.

शेवटी आईने विचारलं, "तू एवढ्या पहाटे का पळतेस गं? शाळेची साफसफाई तुझ्याकडे दिलीय का?" मग गाडीचं सगळं बाहेर आलं. बाबा कचेरीत कारकून आहेत. रीतसर अर्ज केला की जगातलं सगळं मार्गी लागतं, असं त्यांचं मत आहे. शनिवारी ते मला घेऊन थेट रेल्वेच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी फाइल काढली. फाइलची दोरी व्यवस्थित बांधलेली बघून बाबांच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

"गाडी चालू ठेवायला किमान चाळीस प्रवासी लागतात," साहेब म्हणाले. "मोजणीत एकोणचाळीस भरले."

"म्हणजे एकाच माणसामुळे?"

"एकाच."

"मोजणी कधी झाली?"

साहेबांनी तारीख वाचली. तो तोच मंगळवार होता. मी जमिनीवरच्या फरश्या मोजायला लागले.

घरी येईपर्यंत बाबा त्या चाळिसाव्या माणसाचा उद्धार करत होते. "कोण असेल हा महाभाग! नेमका त्याच दिवशी लोळत पडला असेल अंथरुणात! अशा लोकांमुळे देशाचं वाटोळं होतं!"

"तो... गाडीतच होता, बाबा," मी दाराशी पोचल्यावर म्हणाले.

"तुला काय माहीत?"

मग मी काकूंपासून संडासाच्या कडीपर्यंत सगळं सांगितलं. बाबांच्या हातातली किल्ली कुलुपात तशीच राहिली. आतून आईने विचारलं, "अहो, झालं का काम?"

"गुन्हेगार सापडला," बाबा म्हणाले.

सगळं ऐकून आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग हसता हसता थांबून म्हणाली, "गाडीतल्या एक काकू भेटत नाहीत म्हणून तू एवढं रडवेलं तोंड करून हिंडत होतीस? घरात बोलायचंस की गं." मी पाणी प्यायला आत सटकले. नेहमीप्रमाणे.

बाबांनी त्याच रात्री जेवणाआधी अर्ज लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. 'माझी कन्या मोजणीच्या वेळी सदर डब्यातील स्वच्छतागृहात उभी होती. तरी तिची गणना प्रवासी म्हणून व्हावी, ही नम्र विनंती.' मी हातापाया पडले, पण कारकून अर्जातली वस्तुस्थिती बदलत नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यावर शिक्का होता, दोन सह्या होत्या. 'सदर कन्येस प्रवासी म्हणून ग्राह्य धरण्यात येत आहे.' (या गावात आल्यापासून मला कोणीतरी माणसांत धरल्याचा हा पहिला लेखी पुरावा. मी तो वहीत जपून ठेवलाय.) गाडी सोमवारपासून पुन्हा सुरू. खाली बारीक अक्षरांत एक अट होती: लहान स्टेशनांवर प्रवाशाने हात वर केल्यासच गाडी थांबेल.

हात वर केल्यास. वर्षभरात मी वर्गात एकदाही हात वर केलेला नाही. रविवारी आरशासमोर सराव केला. आई म्हणाली, "अजून वर." बाबा म्हणाले, "खांद्याच्या वर गेला पाहिजे, नियमात बसायला हवा."

सोमवारी मी सातलाच जाऊन उभी राहिले. प्लॅटफॉर्मवर मी आणि एक बाक. सात अठराला गाडी खरंच आली. हात वर गेला. कानापर्यंत गेला. बोटं थोडी हललीसुद्धा.

ड्रायव्हरने मला पाहिलं. तो छान हसला आणि त्यानेही हात हलवला.

दुसऱ्या डब्याच्या खिडकीत चष्मेवाल्या काकू होत्या. शेजारच्या रिकाम्या जागेवरची डबी उचलून ती उंच धरून त्या काहीतरी ओरडत होत्या. मग गाडी न थांबताच वळणावर गेली.

खिडकीतल्या काकांनी चहाचा कप बाजूला ठेवून डोकं बाहेर काढलं.

"कोणाला सोडायला आली होतीस का गं?"

"हो," मी म्हटलं. "काकूंना."

समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.