एर्मिलेची बिननावाची वेल

अख्ख्या गुरिया प्रांतात आपल्याइतका द्राक्षांचा जाणकार नाही, असं एर्मिले रोज कुणाला ना कुणाला सांगायचा. फक्त स्वतःच्या अंगणातल्या वेलीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

वेल तुतीच्या झाडावर पार शेंड्यापर्यंत चढलेली. द्राक्षं पांढरी, गावात दुसरीकडे कुठेच नाहीत. बायकोचं, त्सियालाचं, वेलीशी भांडण नव्हतं, तुतीशी होतं. दर उन्हाळ्यात वाळत घातलेल्या चादरींवर तुती गळायची आणि अंगणात खून झाल्यासारखं दिसायचं. शेवटी तिने निकाल दिला: नववर्षापर्यंत वेल दुर्मिळ ठरली तर झाड राहील, नाहीतर कुऱ्हाड.

एर्मिलेने राजधानी तिबिलिसीहून इझोल्दाबाईंना बोलावलं. हरवलेल्या द्राक्षांचा माग काढण्यात बाईंचा जन्म गेलेला. नोव्हेंबरअखेर त्या आल्या, फाटकातच मान वर करून उभ्या राहिल्या आणि एक घड द्या म्हणाल्या.

पण पाहुण्याला जेवू घालण्याआधी कामाचं बोलतात होय? अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी आली, मक्याच्या भाकऱ्या आल्या. वाइनचा पहिला पेला शांततेसाठी, दुसरा पूर्वजांसाठी, अकरावा तुतीसाठी. मग द्राक्षरस आटवून केलेली गोड वडी. बाईंनी ती दोनदा मागून घेतली.

"आता तो घड," त्या म्हणाल्या.

त्सियालाने रिकाम्या ताटलीकडे बोट दाखवलं. "हा काय. शेवटचे तेवढे तुमच्यासाठीच राखले होते."

बाईंनी बाहेर वेलीकडे पाहिलं. पानं तर केव्हाच गळलेली. मग म्हणाल्या, काडीही चालेल, तपासणीत काडीवरूनही कळतं. एर्मिले अकरा पेल्यांसकट वर चढला, काडी मोडून खाली टाकली. अकरा पेल्यांसकट खाली उभ्या असलेल्या बाईंनी ती जपून पिशवीत ठेवली.

नववर्षाला दोन दिवस असताना बाईंचं पत्र आलं. एर्मिलेने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

"कोणती निघाली?" त्सियालाने विचारलं.

"तुती. सर्वत्र आढळणारी."

ती कुऱ्हाड आणायला वळली.

"खाली हाताने लिहिलंय," तो घाईघाईने म्हणाला. "चूक दोघांची, असं बाई म्हणतात. कोवळी पानं बघायला वसंतात पुन्हा येते म्हणतात."

त्सियाला थांबली. पाहुणी यायची आणि जे बघायला यायची तेच तोडून ठेवायचं? गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"येऊ दे," ती म्हणाली. "पण या वेळी आधी पानं, मग पेले."

वेलीचं नाव अजून कुणालाच माहीत नाही. तुतीचं मात्र आता सही-शिक्क्यासह लेखी आहे.