जुन्या डिस्कची सीनियॉरिटी

अनंतरावांच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा ठिक्कर पडला. उद्या स्वरदाचं लग्न. लेकीने बापाकडे एकच गोष्ट मागितली होती, तिचे लहानपणीचे फोटो. ते आज संध्याकाळी तेलीबांध्याच्या लग्नाच्या हॉलवर द्यायचे होते. त्यासाठी त्यांनी कपाटातली वीस वर्षांची जुनी डिस्क सकाळीच आत जोडली, आणि तेव्हापासून आतली नवी डिस्कही दिसेनाशी झाली.

"कालपर्यंत तर चालून राहिला होता न हा?" बायको लताबाई म्हणाल्या.

केबलच्या एका पट्टीवर दोन डिस्क. पहिली कोण नि दुसरी कोण, हे डिस्कच्या मागच्या खुंट्यांवरची प्लास्टिकची इवलीशी टोपी ठरवते. टोपी असली की पहिली, नसली की दुसरी, असं डिस्कवर छापलेलंच होतं. पण अनंतरावांनी पस्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात सीनियॉरिटीच्या याद्या केलेल्या. म्हातारी डिस्क कालच्या पोरीच्या हाताखाली? नाव नको! त्यांनी दोघींनाही टोपी घातली.

"टोपी ढिली असन," म्हणत त्यांनी म्हातारीची टोपी चिमट्याने दाबली. ती उडाली ती थेट टेबलावरच्या रुखवताच्या अनारशांत. शोधता शोधता चाळीस अनारशांचा भुगा झाला. टोपी काही सापडली नाही.

"बाबा, हॉलवाले भैया का फिर फोन आया," स्वरदा मेंदीचे हात वर धरून म्हणाली.

अनंतरावांनी चिमटा खाली ठेवला. "पोट्टीनं एक मागतलं, थेही माह्याच्यानं होऊन नाही राहिलं!" त्यांचे डोळे भरून आले.

"दोघींले साहेब करून ठेवलं, मंग फाइल कशी हलन?" लताबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या म्हातारीले बिनटोपीची. रिटायर झाली थे. लावा तशीच."

अनंतरावांनी ती तशीच जोडून बटण दाबलं. दोन्ही डिस्क दिसल्या! त्यांनी जुन्या डिस्कवरचं 'स्वरदा' नावाचं फोल्डर उघडलं. आत फोटो नव्हते, एक कागद होता. बारा वर्षांपूर्वीचा.

'सभी फोटो नई डिस्क पर स्थानांतरित किए गए। अनंत वि. देशकर, कार्यालय अधीक्षक।'

म्हणजे फोटो पहिल्यापासून नव्या डिस्कवर, समोरच होते. स्वरदाने आईकडे पाहिलं, आईने अनारशांकडे.

"प्रिंट काढा याची," लताबाई शांतपणे म्हणाल्या. "रुखवतात आता काहीतरी मांडा लागन न."