चालत्या गाडीतला भाऊ

माझा धाकटा भाऊ आनंदा मला दर सोमवारी भेटतो, पण चालत्या गाडीतून.

आमचं घर पेठ वडगावच्या फाट्यापाशी, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून आहे. आनंदा राहतो कसबा बावड्यात. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो विक्रीचं काम बघतो आणि दर सोमवारी पुण्याला जातो. फाटा आला की हायवे सोडून खाली उतरतो, तीनदा हॉर्न मारतो आणि आमच्या दारावरून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये नेतो. पहिला टाकत नाही. पहिला टाकला की थांबल्यासारखं होतं म्हणे. मी खर्डा-भाकरीचा डबा घेऊन गाडीबरोबर पळते. ड्रायव्हरची बाजू रस्त्याच्या मधल्या अंगाला येते, म्हणून मला रस्त्यात उतरून पळावं लागतं. तो खिडकीतून डबा घेतो, मागचा रिकामा डबा माझ्या हातात देतो, आणि तेवढ्यात आमचं बोलणंही उरकतं.

"बरी हायस न्हवं?"

"व्हय. तू?"

"चाक फिरतंय की!"

आणि गेला.

मी मुळात लाजरी. दुकानात चार माणसं असली तर साखर मागायलासुद्धा मी पाचवा माणूस जायची वाट बघते. अशी मी, डोक्यावरचा पदर खांद्यावर, हातात डबा, भर सकाळी मोटारीमागे पळते. समोर एसटीचा थांबा आहे. तिथल्या बायका आता सोमवारी मुद्दाम लवकर येतात, असा मला संशय आहे.

एकदा त्याच्या शेजारी कंपनीचे मोठे साहेब बसले होते. मला वाटलं, आज तरी थांबेल. थांबला नाही, पण खिडकीतून ओरडला, "साहेब, ही आमची आक्का!" साहेबांनी हात जोडले. माझ्या दोन्ही हातांत डबे, एक भरलेला, एक रिकामा. मी पळता पळता मान हलवली. साहेबांना काय वाटलं असेल, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

"चाक फिरलं पायजे" हे आनंदाचं ठरलेलं बोलणं. लग्नात तो जेवतो ते मांडवाला फेऱ्या मारत. देवळात नमस्कार करतो तो चालता चालता. सिग्नल लाल दिसला की डावीकडे वळतो, मग जायचं उजवीकडे असलं तरी. त्याची बायको सुनीता सांगते, एकदा दाढ दुखत होती म्हणून निघाले, तर दवाखाना येईपर्यंत अर्धं कोल्हापूर फिरून झालं आणि दाढ दुखायची राहिली. न्हाव्याच्या खुर्चीत बसला तरी याचा एक पाय हलत असतो. न्हावी म्हणतो, "सायेब, डोस्कं तेवढं थांबवा, कान माझ्या हातात हाय."

ही खोड लागली माझ्यामुळेच. तो जन्मला तेव्हा मी चौथीत होते. आई शेतावर जायची, त्यामुळे माझी शाळा सुटली आणि आनंदा माझ्या कडेवर आला. मी चालत असले की गप्प. जरा उभी राहिले की भोकाड. बाकीच्या मुली दप्तर घेऊन शाळेत जायच्या आणि मी याला घेऊन शाळेच्या भिंतीकडेनं फेऱ्या मारायची. आतून पाढे ऐकू यायचे. आनंदा कडेवर पाय हलवायचा.

तर गेल्या वर्षी कंपनीनं त्याला सांगितलं, जुनी डिझेलची गाडी आता बास. नवी घे. एक तर हायब्रीड, नाहीतर पुरी बॅटरीवरची. तुझं तू ठरव.

आनंदाचं ठरलेलंच होतं. त्या सोमवारी खिडकीतून डबा घेताना तो जितकं बोलला तितकं आधी कधी बोलला नव्हता. मला थांब्याच्याही पुढे पळावं लागलं. "आक्का, हायब्रीड! पेट्रोल बी हाय, बॅटरी बी हाय. पळता पळता आपली आपण भरती. बॅटरीवाल्यांचं काय, वाटंत तासभर तारंला बांधून बसायचं. म्हशीगत! हायवेला असली गाडी घेणारा येडाच!"

त्याच्या पुढच्या सोमवारी मी पडले. गुडघा बरेच दिवस कुरकुरत होता, पण पळायचं तर पळायचं. डबा त्याच्या हातात जाण्याआधीच पाय मुडपला. मी खाली, भाकऱ्या रस्त्यावर, खर्डा साडीवर. थांब्यावरची एक बाई हसली आणि दुसरी तिला "हसू नगं" म्हणाली. मला ते "हसू नगं" जास्त लागलं. आनंदाची गाडी पुढे गेली. लांब जाऊन तिचे मागचे तांबडे दिवे लागले, जरा वेळ तसेच राहिले, आणि विझले. गाडी गेली.

दुपारी त्याचा फोन आला. "लागलं काय गं?"

"न्हाय."

"भाकरी?"

"कुत्र्यानं खाल्ली."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. एरवी "चाक फिरतंय" म्हटल्याशिवाय तो फोन ठेवत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी डबा घेऊन फाटकात उभी होते. तीन हॉर्न वाजले, पण वरून, हायवेवरून. गाडी खाली उतरलीच नाही. पुढच्या सोमवारीही तसंच. आमचे मालक म्हशीची धार काढता काढता म्हणाले, "मोटारीत बसणाऱ्याला आता शेणाचा वास येतोय." माझ्याही मनात तेच होतं. साहेब लोकांत ऊठबस असलेला माणूस. रस्त्यावर पडलेली, चौथी शिकलेली बहीण त्याला कशाला हवी? मी डब्यातली भाकरी संध्याकाळी म्हशीला घातली.

आणि मग त्याचाच फोन. "शनिवारी कंपनीला सांगायचंय. गाडी बघायला जाऊया. ये बावड्याला."

वाटेत माणसं भरत जाणाऱ्या वडापच्या जीपमधून मी गेले. शोरूम म्हणजे सगळी काच आणि खाली आरशासारखी फरशी. मी दारात चप्पल काढली. आनंदा आतून ओरडला, "आक्का, घाल की चप्पल! देऊळ हाय व्हय?" सगळं शोरूम माझ्या पायांकडे बघायला लागलं. मी चप्पल घातली ती उलटसुलट.

तिथली मुलगी फार गोड बोलत होती. "सर, तुमचं रनिंग हायवेचं आहे ना? मग हायब्रीडच घ्या. कुठं थांबायला नको."

"ते ऱ्हाऊ दे," आनंदा म्हणाला. "बॅटरीची किती वेळ थांबती?"

"फास्ट चार्जरवर पाऊण तासात होते सर."

"पाऊणच? जरा सावकाश भरणारी न्हाय काय?"

मुलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "साध्या चार्जरवर सात-आठ तास लागतात, पण—"

"तेवढं नगं, नोकरी जाईल. मधलं काय न्हाय? तास-दीड तासाचं?"

शेजारी गाडी बघणारं एक जोडपं आमच्याकडे वळून बघायला लागलं. मी गाडीच्या काचेवरचं लिहिलेलं वाचायचं सोंग केलं. मुलीनं बिचारीनं समजावलं, की बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे हळू भरते, म्हणून हायवेवर लोक ऐंशी झाले की तार काढून निघतात.

आनंदाचा चेहरा खुलला. "म्हंजे शंभरला येळ लागतो?"

"हो सर, बराच."

"मग आपण शंभर करायचं. शंभर म्हंजे शंभर! चोरी न्हाय!" आणि मला म्हणाला, "बस आत. गुडघा वाकतोय काय बघ." मी बसले. तो दार धरून उभा होता. सगळे बघत होते. माझ्या भावाचं डोकं फिरलं आणि ते चारचौघांत फिरलं, एवढंच मला कळत होतं. कधी एकदा घरी जाते असं झालं.

पुढचं सुनीतानं फोनवर सांगितलं. "वन्सं, ऐकलं काय? बॅटरीचीच घेतली. हापिसात सगळी पोट धरून हसली म्हणं. साहेबांनी इचारलं, चार्जिंगला कुठं थांबणार? तर ह्यांनी नकाशावर बोट ठेवलं ते वडगाव फाट्यावर! साताऱ्याला थांबलं तर समजू. हे तर घरच आलं की! साहेब म्हणालं, तिथं काय हाय? तर हे म्हणालं, तिथं आमची आक्का हाय."

मी फोन ठेवला. माझे कान तापले होते. साहेबांना मी आठवले असणार, दोन हातांत दोन डबे.

पुण्याहून परतताना बुधवारी आनंदा कधी हॉर्नही मारत नाही. त्या बुधवारी उन्हं कलली होती, मी गोठ्यापाशी होते, आणि खालच्या रस्त्यावर तीन हॉर्न वाजले. डबा भरलेला नव्हता. ओट्यावरची केळी उचलली आणि गुडघा धरत पळाले. रस्त्यावर गाडीच नव्हती. शेजारच्या हॉटेलच्या आवारात चार्जिंगचा नवा खांब बसवला आहे. त्याला एक पांढरी गाडी बांधली होती आणि आनंदा तिथून चालत येत होता.

शोरूममध्ये लाजेनं माझी नजर फरशीवरच होती. खूप वर्षांनी आज मी त्याला अख्खा बघितला. खिडकीतून छातीच्या वरचाच दिसतो. त्याचं पोट सुटलं होतं. एका पायावर जरा जास्त भार देऊन चालत होता, आमच्या वडिलांसारखा. मी रस्त्यात केळी घेऊन उभी.

"या पावणं!" मालक ओरडले. "पंक्चर झाली व्हय?"

"न्हाय. चार्जिंगला लावलीया."

"अवं, बावडा हितंच की! बैलगाडीनं बी गेला असता!"

"भरून ठेवल्याली बरी," आनंदा म्हणाला आणि कट्ट्यावर बसला. पाय हलत नव्हता.

मी चहा आणला. मालक म्हशींना पाणी पाजायला गेले. आता बोलायचं काय, हे दोघांनाही कळेना. आम्हाला दुसऱ्या गिअरमध्ये बोलायची सवय. बशीतला चहा संपला तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "त्या दिवशी आरशात दिसलीस. भाकरी गोळा करताना. माघारी यायला लाज वाटली."

"मग एवढं सोमवार वरनंच का गेलास?"

"खाली उतरलो तर तू पळणार. थांबलो तर... नुस्तं कसं यायचं, आक्का? कायतर निमित्त लागतं की."

मी नुसती रिकामी बशी पुसत बसले. शेणाचा वास, चौथीची बहीण, म्हशीला घातलेली भाकरी, सगळं आठवलं. वर बघायचं धाडस होईना.

त्याचा मोबाईल आम्हा दोघांच्या मधे कट्ट्यावर होता. त्यावर गाडीचं चित्र होतं आणि खाली हिरवा आकडा. आनंदानं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं होतं. तेवढ्यात हॉटेलचा वॉचमन कुंपणापलीकडून ओरडला, "ओ पावणं! पांढऱ्या गाडीवालं! झाली काय गाडी? माणूस थांबलाय हितं!"

मी चौथीपर्यंतच शिकले, पण मोबाईलवर आलेले शंभर मला वाचता येतात.

मी उठले, कुंपणापाशी गेले आणि ओरडले, "न्हाय अजून! भरायची हाय!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. थांब्यावरच्या बायकांनी माना वळवल्या. लाजेनं माझं तोंड तापलं. तशीच आत गेले आणि पुन्हा चहा ठेवला.