जाड तेल

गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल आपण स्वतःच बदलायचं, असं राहनाळच्या धनेश भोईरने एका थंडीतल्या रविवारी ठरवलं. खरं कारण गाडी नव्हतीच. बायको हेमाली माहेरी जाऊन बसली होती, तिला आणायला जायचं होतं, आणि गेल्यावर काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं. तेल बदलायला घेतलं म्हणजे निदान दुपारपर्यंत कुणाशी बोलावं लागणार नव्हतं.

धनेश एका गोडाऊनमध्ये क्लार्क होता. कुठल्या कंटेनरमधून किती खोकी उतरली हे त्याला तोंडपाठ असे. स्वतःच्या घरात काय चाललंय हे मात्र त्याला आईला विचारावं लागे.

गाडी सेकंडहँड होती. हेमालीला दिवस गेले तेव्हा घेतलेली. त्या रस्त्यांवर पोटुशी बाई रिक्षात बसवायची म्हणजे जिवाशी खेळ, असं म्हणून त्याने ती घेतली आणि बाळाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून मागच्या काचांना पडदेही लावून घेतले. (ते हिरवे होते. हेमाली म्हणाली होती, दर्ग्याच्या चादरीसारखे दिसतात. तेव्हा दोघं हसले होते.) पावसाळ्याच्या शेवटी गाडी दोघांना घेऊन दवाखान्यात गेली आणि दोघांनाच घेऊन परत आली. बाळ पोटातच गेलं होतं. डॉक्टर बोलत होते तोवर धनेश नुसता मान हलवत राहिला. परतीच्या वाटेवर हेमाली पडद्याकडे बघत बसली होती, तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "दुसरा गिअर जरा कडक पडतोय."

तेव्हापासून तो गिअर कडकच पडत राहिला. ड्युटीवरून आला की धनेश गाडीखाली शिरे. घरातून फक्त त्याचे पाय दिसत. शेवटी एका रात्री जेवताना हेमालीने विचारलं, "पाळना आणून ठेवलाय त्याचं काय कराचं? माळ्यावर टाकू का कोनाला देऊ?"

धनेशने घास गिळला. "तेल जुनं झालंय," तो म्हणाला. "म्हनून अडतोय."

हेमालीने आमटीचा डाव पातेल्यात ठेवला, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी वळ गावी आईबापाकडे निघून गेली. भांडण झालं असतं तर बरं, असं धनेशची आई कमळ म्हणाली. भांडणाला निदान दोघं लागतात.

तर आता तेल.

धनेशने याबाबतीत सर्वांचा सल्ला घेतला, हीच त्याची चूक. ऑफिसातल्या प्रितेशने इंटरनेटवर बघून सांगितलं की छोट्या गाडीला पातळ तेल लागतं आणि डब्यावर 'जीएल चार' असं लिहिलेलं असतं, तेच घे. प्रितेशने कारणही सांगितलं होतं, पण ते ऐकताना धनेशचं लक्ष नव्हतं. शेजारचा नवशा ट्रक चालवायचा. तो म्हणाला, "पातळ? पातळ तर पानी पन असतं. जाड टाक. जेवढा जाड तेवढा गिअर मऊ." कामतघरच्या मेकॅनिकने तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाला, "कुछ भी डालो. गाडी को क्या मालूम."

धनेश तिथल्याच तेलाच्या दुकानात गेला तर दुकानदाराने विचारलं, "किसके लिये? ट्रक, ट्रॅक्टर, पावरलूम?"

"कार."

दुकानदाराने त्याच्याकडे जरा सहानुभूतीने बघितलं. "चार नंबर नहीं है. पाँच है."

"चार सांगितलंय."

"भाईसाब, चार बडा के पाँच?"

क्लार्क माणसाला या प्रश्नाचं एकच उत्तर येतं. धनेशने पाच नंबरचं घेतलं, त्यातही नवशाचा मान राखायला सगळ्यात जाड घेतलं, आणि सर्वांचं ऐकल्याच्या समाधानात घरी आला.

पाच नंबरचं तेल वाईट नसतं. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ते सुखाने नांदतं. पण छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात, गिअर बदलताना त्यांनी क्षणभर गिअरला धरायचं असतं, आणि हे तेल त्यांना धरू देत नाही. (प्रितेशने सांगितलेलं कारण ते हेच.) त्यातून जाडी अशी की डबा उलटा केला तरी तेल बाहेर यावं की न यावं या विचारात होतं. काकवी बरी. धनेशने डबा चुलीजवळ ठेवून ऊन केला, नरसाळ्याला पाइप लावला, आणि तेलाची वाट बघत गाडीखाली पडून राहिला. तिथे त्याने हेमालीला काय सांगायचं ते जुळवून बघितलं. 'झालं ते झालं' हे वाक्य त्याला बरं वाटलं, मग फार वाईट वाटलं. तेवढ्यात तेलाचा थेंब डोळ्यात पडला आणि ते काम तिथेच राहिलं.

दुपारी तो आंघोळ करून निघाला. कमळने वाटेत खायला म्हणून नव्हे तर विहिणीला द्यायला म्हणून तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि एवढंच म्हणाली, "तिला आन. न्हाय आली तर तू तरी तिथं बस."

पहिला गिअर पडायला गाडीने बराच वेळ घेतला. दुसरा पडताना असा आवाज झाला की रस्त्याकडेला कोंबड्या सोलणाऱ्या माणसाने वर बघितलं. तिसऱ्याच्या वाट्याला धनेश गेला नाही. वळच्या गोडाऊनांच्या गल्लीत समोरून कंटेनर आला, ड्रायव्हरने हाताने मागे हो म्हटलं, धनेशने रिव्हर्स टाकला, आणि तो मात्र लोण्यासारखा पडला. पडला तो निघेना. त्याने दांडी ओढली, ढकलली, दोन्ही हातांनी हलवली, शेवटी तिला हळू आवाजात विनंती केली. गाडी मागे जायला तयार होती. पुढे जायचं तिने सोडून दिलं होतं.

सासुरवाडी समोरच्याच वळणावर होती. धनेशने मागे मागे जात एका गोडाऊनच्या आवारात शिरून कंटेनर जाऊ दिला, तिथेच गाडी फिरवली, आणि मान मागे वळवून, हिरव्या पडद्यांच्या फटीतून बघत, उलटाच सासऱ्याच्या दारात जाऊन थांबला. इंजिन बंद केलं तर परत सुरू होईल की नाही या भीतीने क्लच दाबून ते चालूच ठेवलं.

सासरा लडकू ओटीवर जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली तेव्हा त्याला काय दिसलं? जावयाची गाडी, तोंड रस्त्याकडे, इंजिन घरघरतंय, आणि जावई मान वाकडी करून काचेतून बघतोय. लडकूने जाळं बाजूला ठेवलं.

"जावय, तोंड फिरवूनच आनलीव गाडी?"

"हो. तशीच आनावी लागली."

"बंद पन न्हाय केलीव. लगेच जायाचं हाय?"

"बंद केली तर कठीन हाय, मामा."

आतून सासू आली. तिला सगळे आक्का म्हणत. तिने गाडी बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि पदराने तोंड दाबलं. लडकू पायरी उतरून गाडीच्या खिडकीपाशी आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "पोरीला नांदवाची नसंल तर तोंडानं सांगाचं. असं पाठ दावून न्हाय जायाचं."

धनेश घाबरला. घाबरला की त्याला नेमकं सांगायची घाई होई आणि नेमका शब्द तेवढा राहून जाई. "तसं न्हाय, मामा," तो म्हणाला. "मला पुढं जाताच येत न्हाय. किती दिवस प्रयत्न करतोय. सगळ्यांना विचारलं. मागचंच पडतंय सारखं. पुढचं काय पडतच न्हाय."

दारात हेमाली उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नाही. ती वाळली होती, आणि केस नीट विंचरलेले नव्हते. तिने ते सगळं ऐकलं आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"मला पन," ती म्हणाली. "मला पन मागचंच पडतंय."

आक्काला रडू फुटलं. लडकूने तोंड वळवलं, ओटीवर जाऊन जाळं उचललं आणि गाठ नसलेल्या जागी गाठ शोधू लागला. धनेशला आपण काय बोललो ते आत्ता कळलं, आणि कळल्यावर ते मागे घ्यावंसं त्याला वाटेना. तो तिच्याकडे जायला उठला. उठताना क्लचवरचा पाय सुटला.

गाडी मागे गेली. ओटीच्या कोपऱ्याला आक्काचं कोंबड्यांचं खुराडं होतं, त्यावर ती जाऊन बसली आणि तिथेच बंद पडली. कोंबड्या दुपारच्या चरायला बाहेर होत्या म्हणून वाचल्या. एक कोंबडा तेवढा येऊन टपावर उभा राहिला आणि धनेशकडे बघू लागला.

कोंबड्याकडे बघत लडकू म्हणाला, "म्हंजे गिअरचं बोलत होतात?"

"हो," धनेश म्हणाला. खोटं बोलायची ती अगदी योग्य वेळ होती, पण त्याला ते जमलं नाही.

हेमालीने गाडीकडे बघितलं, खुराड्याकडे बघितलं. ती हसेल असं आक्काला वाटलं, पण ती हसली नाही. आत गेली, पिशवी भरली आणि चपला घालून बाहेर आली. "चला," ती म्हणाली. "घरी आत्या एकट्या असतील."

गाडी तिथेच राहिली. दोघं गोडाऊनांच्या रस्त्याने पायी निघाले, ती पुढे, तो पिशवी घेऊन मागे. ऊन उतरलं होतं आणि धूळ खाली बसायला तयार नव्हती. अर्ध्या वाटेवर ती थांबली.

"गिअरचं सांगून झालं ना?"

"झालं."

"मग आता बाळाचं सांगा."

धनेशने पिशवी खाली ठेवली. चपलेच्या अंगठ्याकडे बघत तो बोलायला लागला. दवाखान्यात नर्सने कपड्यात गुंडाळून ते त्याच्या हातात दिलं होतं, हे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. नाक तिच्यासारखं होतं ते सांगितलं. खाडीकाठी मातीत ठेवताना त्याच्याने हात सोडवेना, तेव्हा नवशाने सोडवला, ते सांगितलं. गाडीखाली पडून तो काय करायचा तेही सांगितलं. आयुष्यात तो सलग इतकं कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि भीत भीत वर बघितलं.

रविवार असला तरी गोडाऊनांना सुट्टी नव्हती. एकामागून एक कंटेनर हॉर्न मारत चालले होते, त्यातला शेवटचा आत्ता कुठे वळणावरून दिसेनासा होत होता.

हेमालीने कानावरचा पदर बाजूला केला.

"काय म्हनालात?" ती म्हणाली. "एक अक्षर ऐकू आलं न्हाय. परत सांगा."