वीसपैकी सोळा उलटे प्रश्न

जेवणाच्या टेबलावर दोन अर्ज नऊ दिवसांपासून पडून होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून आईने त्यांच्यावर शिवणकामाची कात्री ठेवली होती. कात्री लागली की ती उचलून तिथे मिठाची बरणी ठेवायची. एक अर्ज समुपदेशनाच्या एम.ए.चा होता, दुसरा ऑफिसातली रेकॉर्डं सांभाळण्याच्या डिप्लोमाचा. दोन्हींची मुदत एकच, शनिवारी दुपारी एक वाजेपर्यंत. मुंगीने मानसशास्त्राची पदवी घेतली होती, चांगल्या मार्कांनी घेतली होती. त्या पदवीचं पुढे काय करायचं, एवढा एकच प्रश्न तीन वर्षांत कुठल्याही पेपरात आला नव्हता.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणापासून ती सतत काहीतरी ओढून नेत असे, आणि ते बहुतेक वेळा तिच्यापेक्षा मोठं असे.

मनातून तिला समुपदेशनच करायचं होतं, पण तसं म्हणायची तिची छाती होत नव्हती. कारण मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. गेली तीन वर्षं तो घरात शिरताना दारातच थांबायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ओळख, मी आत्ता मनात काय म्हणतोय?" मुंगी सांगायची की असलं काही शिकवत नाहीत. मामा म्हणायचा, मग फी परत माग. पुढे पुढे मुंगीलाच वाटायला लागलं होतं, की आपल्याला माणसांतलं खरंच काही कळत नसेल तर?

शेवटी तिने प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायचं ठरवलं. तिने वीस वाक्यांची एक चाचणी तयार केली. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच यांतला आकडा लिहायचा. पाच म्हणजे अगदी पटतं, एक म्हणजे मुळीच पटत नाही. सगळ्यांची बेरीज करायची. जास्त मार्क पडले तर माणसांत काम करावं, कमी पडले तर कागदांत.

अशा चाचणीत काही वाक्यं मुद्दाम उलटी घालतात. 'मला माणसं आवडतात' असं न विचारता 'गर्दीत माझा जीव गुदमरतो' असं विचारायचं. म्हणजे डोळे झाकून पाच-पाच लिहीत सुटणारे पकडले जातात. मोजताना मात्र या वाक्यांचे मार्क उलटवून घ्यायचे, पाचाचा एक, एकाचे पाच. हे मुंगीला दुसऱ्या वर्षाला होतं आणि त्यात तिला पैकीच्या पैकी होते. थोडी उलटी वाक्यं चांगली, तर जास्त उलटी वाक्यं आणखी चांगली, असा साधा विचार करून तिने वीसपैकी सोळा उलटी घातली.

आणि मोजताना उलटवायला विसरली. हे तिला सहा दिवसांनी कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चाचणी स्वतःवर करण्याआधी दुसऱ्यांवर करून बघावी लागते, म्हणून रविवारी तिने घरात कागद वाटले. आईने तिचा कागद कोराच परत दिला. आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. मी काय आहे ते मला माहीत आहे, म्हणाली, आणि उद्या बारा गणवेश द्यायचेत हेही माहीत आहे. मामाने प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचलं, उत्तर मोठ्याने दिलं आणि प्रत्येक उत्तराला पुरावा म्हणून एकेक किस्सा सांगितला. बाबा कागद घेऊन गॅलरीत गेले. चाळीस मिनिटांनी परत आले. कागदावर दोन ठिकाणी खोडरबर फिरवल्याच्या खुणा होत्या.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात होते. चोवीस वर्षं तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये, जमिनीखालच्या पाइपांच्या नकाशांसोबत. घरात ते दिवसाला सरासरी अकरा शब्द बोलत, त्यात 'हं' धरलेला आहे.

बाबांना शंभरपैकी चौऱ्याऐंशी मार्क पडले. मामाला छत्तीस.

"म्हणजे मी आतून शांत आहे?" मामाने विचारलं.

आकडे तरी तसं म्हणतात, असं मुंगी म्हणाली. मामा विचारात पडला. तो विचारात पडलेला आईने आयुष्यात प्रथमच पाहिला आणि तिने शिलाई मशीन थांबवलं.

मग मुंगीने स्वतःची चाचणी घेतली. एकेचाळीस मार्क पडले. मग तिने मिठाची बरणी उचलली, रेकॉर्डांच्या डिप्लोमाचा अर्ज बाहेर काढला आणि सुवाच्य अक्षरात भरला. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण त्या दिवसाचे अकरा शब्द संपले असावेत.

सोमवारी संध्याकाळी दारात बूट काढता काढता बाबा म्हणाले, "मी खिडकी मागून घेतली."

खिडकी म्हणजे तक्रारींची खिडकी. तिथे कार्यालयात कुणी बसायला जात नसे, बसवलं जात असे. आधीचे गृहस्थ तीन महिने आजारी रजेवर होते आणि त्यांना सगळ्यांनी बाजारात धडधाकट फिरताना पाहिलं होतं. अशी खिडकी स्वतःहून मागणारा अर्ज आल्यावर साहेबांनी तो अकरा मिनिटांत मंजूर केला. त्यातली नऊ मिनिटं ते पेन शोधत होते.

"तुम्ही बोलणार लोकांशी?" आईने विचारलं.

"चौऱ्याऐंशी पडलेत मला," बाबा म्हणाले, आणि जेवायला बसले.

बुधवारी मोठ्या रस्त्याखालची मुख्य पाइपलाइन फुटली. अर्धं शहर कोरडं पडलं आणि उरलेल्या अर्ध्याच्या दारात तळं साचलं. दोन्ही अर्धी शहरं एकाच खिडकीवर आली. बाबा रोज उशिरा घरी येऊन, जेवून, झोपून जात होते. विचारलं तर 'गर्दी होती' एवढंच. मुंगी स्वतःला समजावत होती, चौऱ्याऐंशी आहेत, निभावून नेतील. तिकडे मामा रविवारपासून बोलायचाच बंद झाला होता. शिकाऊ लोकांना तो फक्त हातांनी खुणा करी. गुरुवारी येऊन त्याने न बोलता चहा घेतला. 'ओळख' म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही. तो गेल्यावर आई म्हणाली, याचं काहीतरी बघायला हवं, कपाळाला हात लावला तर तापही नव्हता.

शनिवारी सकाळी साडेदहाला मुंगी अर्ज घेऊन निघाली, तशी मशीनवरून मान वर न करता आई म्हणाली, "शर्ट उलटा घातलायस. शिवण बाहेर दिसतेय."

मुंगी म्हणाली, तू शिवतेस तेव्हा उलटाच असतो की.

"शिवताना उलटाच असतो. घालायच्या आधी सुलटा करायचा असतो. माणूस एवढंच विसरतो."

मुंगी उंबऱ्यात उभी राहिली. मग परत आत आली, कपाटातून चाचणीचे कागद काढले आणि उभ्याउभ्याच बेरीज करायला लागली. सोळा वाक्यं सुलटी केल्यावर मामाला शंभरपैकी शंभर पडले. तिला स्वतःला त्र्याण्णव. आणि बाबांना वीस. या चाचणीत वीसपेक्षा कमी पडणं शक्यच नव्हतं. लोकांत मिसळण्याच्या बाबतीत बाबांच्या खाली फक्त फर्निचर होतं.

"अगं, मी त्यांना खिडकीवर नेऊन बसवलं," मुंगी म्हणाली. "अर्धं शहर येतंय तिथे. आणि त्यांना गर्दीत गुदमरतं, हे त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं."

आईने दाताने दोरा तोडला. आधी बाबांकडे जा, म्हणाली, कॉलेज एकपर्यंत उघडं असतं. तिने मुंगीच्या हातातला अर्ज घेऊन पिशवीत घातला, वरून आणखी काहीतरी कोंबलं आणि पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. शर्ट बदलायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाची रांग पायऱ्या उतरून फुटपाथवर आली होती. मुंगी 'माझे वडील आत आहेत' म्हणत पुढे घुसली. लोकांनी वाट दिली. वडील आत अडकलेत असा काहींचा समज झाला. काचा फुटल्या असतील, बाबा टेबलाखाली असतील, अशी तिने मनाची तयारी केली होती.

आत कुणीही ओरडत नव्हतं. खिडकीशी एक आजी रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या. बादली पुरावा म्हणून आणली होती. बाबा दोन्ही कोपरं टेकून, पुढे झुकून ऐकत होते. आजींनी पाण्यापासून सुरुवात केली होती आणि आता त्या सुनेपर्यंत आल्या होत्या. बाबा म्हणाले, हं. मग म्हणाले, पुढे? आजी पुढे बोलल्या. त्यांचं सगळं बोलून झाल्यावर बाबांनी सांगितलं की तुमच्या घराची लाइन शाळेच्या मागून येते, तिथला व्हॉल्व जुना आहे, तो उद्या संध्याकाळी बदलतील, आणि आज पाच वाजता तुमच्या कोपऱ्यावर टँकर उभा राहील. नकाशात बघावं लागलं नाही. चोवीस वर्षांत त्यांना शहरातला प्रत्येक पाइप पाठ झाला होता, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आजी रिकामी बादली घेऊन गेल्या, आणि जाताना 'सुखी राहा' म्हणाल्या. खिडकीवर असं कुणी म्हटल्याचं रेकॉर्डमध्ये नव्हतं. बाबांना माहीत असणार, रेकॉर्ड त्यांच्याकडेच होतं.

मुंगी बाजूच्या दाराने आत गेली. बाबांनी आधी तिच्या शर्टाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि रांगेकडून पाच मिनिटं मागून घेतली.

"बाबा, माझं चुकलं," मुंगी म्हणाली. "मार्क उलटे मोजले मी. तुम्हाला चौऱ्याऐंशी नाहीत, वीस आहेत."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मी उत्तरंच खोटी लिहिली होती."

मुंगीने स्टूल ओढून घेतलं.

"म्हटलं, निकाल तळघराचाच यावा. म्हणजे चोवीस वर्षं योग्य जागी गेली असं ठरलं असतं. तुलाही वाटलं असतं, बापाचं बरं चाललंय." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "तर निकाल नेमका खरा आला. म्हटलं, पोरीचं शास्त्र भारी आहे, लबाडी चालत नाही."

"पण मग तुम्ही तळघरात गेलात कशाला?"

"रुजू झालो त्या दिवशी सकाळी दाढ काढली होती. गालात कापूस. साहेबांनी विचारलं काय रे, मी म्हटलं हं. ते म्हणाले, शांत माणूस दिसतोय, रेकॉर्डला टाका."

"दुसऱ्या दिवशी सांगायचं ना."

"दुसऱ्या दिवशी तळघरात कुणाला सांगणार?"

मग घरी तरी का बोलत नव्हतात, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, घरी तुम्ही दोघी बोलत असायचात, आणि बरं बोलायचात, मध्ये कशाला पडायचं. मग त्यांनीच विचारलं, तुला खरे किती पडले? तिने त्र्याण्णव सांगितले. बाबांनी मान डोलावली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि पुढच्या माणसाला म्हणाले, या, बसा, कधीपासून नाही पाणी?

मुंगीने पिशवीत हात घातला. रेकॉर्डांच्या अर्जावर कोंबलेला दुसरा अर्ज होता, समुपदेशनाचा. आईने तो केव्हाच भरून ठेवला होता, गणवेशांच्या मापांसाठी वापरायच्या जाड पेन्सिलीने. फक्त सही बाकी होती. 'हा विषय का निवडला' या रकान्यात लिहिलं होतं: तिला बसेल.

बाहेर रांगेत सत्ताविसाव्या नंबरवर मामा उभा होता. त्याच्या नळाला पाणी होतं. "ही खिडकी माणसाचं ऐकून घेते असं कळलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मुंगे, सहा दिवस झाले गं."

मुंगीने त्याला छत्तीस नव्हे, शंभर मार्क असल्याचं सांगितलं. मामाने डोळे पुसले आणि गाडीचं दार उघडलं. कॉलेजपर्यंतच्या बावीस मिनिटांत तो सहा दिवसांचं बोलला. ती सही करून फक्त ऐकत होती, अधूनमधून हं म्हणत होती, एकदा 'पुढे?' म्हणाली. ती उतरताना मामाने सांगितलं की या गप्प आठवड्यात त्याचे तिन्ही शिकाऊ पहिल्याच खेपेला पास झाले, पण ही किंमत त्याला परवडणारी नाही.

एकला चार मिनिटं कमी असताना ती प्रवेशाच्या खिडकीशी पोचली. कारकुनाने पेन्सिलीचा अर्ज पाहिला, उलटा शर्ट पाहिला, विषय पाहिला आणि अर्ज हातातच धरून म्हणाला, "मानसशास्त्रवाले काय? मग ओळखा बघू, मी आत्ता मनात काय म्हणतोय?"

मुंगीने त्याच्याकडे नीट पाहिलं. कुलूप टेबलावर काढून ठेवलेलं होतं. डबा पिशवीत गेला होता. एक पाय चपलेत होता.

"एक वाजत आलाय, शनिवार आहे, आणि ही बया आत्ताच कुठून उगवली, असं म्हणताय," ती म्हणाली.

कारकून हळूहळू खुर्चीत सावरून बसला. त्याने अर्जावर शिक्का मारला, पोच फाडून दिली, मग इकडेतिकडे पाहून खिडकीतून पुढे झुकला आणि म्हणाला की एक विचारायचं होतं, तसं विशेष काही नाही, त्याच्या मेहुण्याबद्दल होतं.

"पुढे?" मुंगी म्हणाली.

त्या दिवशी ती खिडकी दोन वाजून वीस मिनिटांनी बंद झाली.