बावीसच्या बंदुकीचा टिकाऊपणा: एक निःपक्षपाती अहवाल

बंदूक माणसापेक्षा जास्त टिकते. म्हणून ती निवडायला माणसाने उरलेलं आयुष्य घेतलं, तर त्यात वावगं काही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या काउंटीत हे तत्त्व सर्वमान्य आहे. इथे लोक बायको तीन आठवड्यांत पसंत करतात, घर एका रविवारी दुपारी. पण पॉइंट बावीसची, लहान शिकारीची लिव्हरवाली बंदूक घ्यायची म्हटलं की जबाबदारीने वागतात. (प्रस्तुत लेखकाकडे अशा चार आहेत. घरी तीन माहीत आहेत.)

वेंडेल क्रॅट्झर तर जबाबदार माणसांचा मेरुमणी. बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्याने एकतीस वर्षं काढली. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, हा तडा शोधायचा. निवृत्तीनंतर बाटल्या थांबल्या, नजर थांबली नाही. पहिल्या महिन्यात घरातल्या सगळ्या कपांचे कान तपासून झाले. असा माणूस रिकामा बसणं समाजाला परवडत नाही आणि त्याच्या बायकोला, आर्डिथला, तर मुळीच नाही.

मे महिन्यात एका सकाळी आर्डिथ परसातून तरातरा आत आली.

"वेंडेल, शेडखाली परत आलाय मेला. पहिली ओळ साफ केली."

"कोण?"

"कोण म्हणजे? ग्राउंडहॉग! घुशीचा थोरला भाऊ, मांजराच्या दुप्पट झालाय माझी फरसबी खाऊन. आपली बावीसची तू जावयाला देऊन बसलास. शनिवारी जा आणि एक घेऊन ये."

"शनिवारी?" वेंडेल दचकला. "अगं, बंदूक म्हणजे काय कोबी आहे?"

हरणाच्या शिकारीची मोठी बंदूक घरात होती, पण तिने ग्राउंडहॉग, फरसबी आणि मागच्या शेजाऱ्याचं गॅरेज एकाच वेळी गेलं असतं. तेव्हा बावीसचीच हवी, यावर दोघांचं एकमत झालं. मतभेद होता तो फक्त शनिवारबद्दल.

आर्डिथच्या घाईला कारण होतं. ऑगस्टमधल्या काउंटीच्या जत्रेत भाज्यांची स्पर्धा असते. फरसबीचा नियम असा: पांढऱ्या बशीत एकसारख्या बारा शेंगा. आर्डिथने सलग नऊ वर्षं निळी फीत मिळवली होती. सलग दहा वर्षं मिळवणाऱ्याचं नाव दालनातल्या लाकडी पाटीवर रंगवतात आणि ते कायम राहतं. पाटीवर आजवर दोनच नावं आहेत, आणि तीही भोपळेवाल्यांची. आर्डिथ या पाटीबद्दल कधी बोलत नसे. पण जत्रेच्या दालनात शिरताना ती आधी तिकडे बघायची, हे वेंडेलला माहीत होतं.

त्याने काम हाती घेतलं. एकच बंदूक आणली तर तुलना होत नाही. दोन आणल्या तर एकीकडे मन ओढतं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन आणल्या. (उरलेल्या दोन नंतर विकायच्या असं ठरलं. आमच्या काउंटीत आजवर एकही बंदूक नंतर विकली गेलेली नाही.) कंपन्यांची नावं इथे देत नाही, कारण बंदुकांपेक्षा कंपन्यांचे वकील टिकाऊ असतात. आपण त्यांना 'अ', 'ब' आणि 'क' म्हणू.

निकष एकवीस ठरले. त्यांपैकी काही:

चुंबक. फ्रिजवरचा, खेकड्याच्या आकाराचा. बंदुकीच्या मधल्या पेटीला चिकटला तर पोलाद, घसरून पडला तर मिश्रधातू. 'क'वरून खेकडा तीनदा पडला.

लिव्हरचा, म्हणजे काडतूस आत सारायच्या दांड्याचा, आवाज. "खट-खटाक" असेल तर उत्तम, "खट-खडक" असेल तर बरा, "खर्र" असेल तर बंदूक मेव्हण्याला द्यावी.

दस्त्याचं लाकूड. अक्रोडाचं आहे, की अक्रोडासारखं रंगवलेलं आहे, की नुसतंच अक्रोडाजवळ वाढलेलं आहे.

स्क्रू. रोज सकाळी न्याहारीआधी किती सैल होतात. (न्याहारीनंतर हात तुपकट असतात, निष्कर्ष बिघडतात.)

पोलाद की मिश्रधातू, हा प्रश्न आमच्या गावात दोन चर्चच्या मंडळींमध्ये फूट पाडून बसलेला आहे. शेजारचा मर्ल स्नेव्हली, जो या अहवालाचा साक्षीदार, कारकून आणि सल्लागार मंडळ होता, कट्टर पोलादवादी.

"मिश्रधातू म्हणजे विकतचं लोणचं रे," तो म्हणाला. "बरणी छान, आत काय ते कंपनीला ठाऊक."

"पण हलकी आहे," वेंडेल म्हणाला.

"हलकी तर माझी सूनपण आहे. नऊ वाजता उठते."

वेंडेलने ही नोंद परिशिष्टात घेतली.

मुख्य चाचणी मात्र दहा हजार फेऱ्यांची होती: लिव्हर पुढे, लिव्हर मागे, चाप. इथे एक अडचण असते. बावीसच्या बंदुकीत आत काही नसताना चाप ओढला, तर ठोक्याची पिन थेट नळीच्या कडेवर आपटते आणि कड चेपते. मग काडतूस नीट बसत नाही. आमच्याकडची मुलं हे पाढ्यांआधी शिकतात. उपायही घरगुती आहे: भिंतीत स्क्रूआधी ठोकतात ती पिवळी प्लास्टिकची गिट्टी काडतुसाच्या जागी नेमकी बसते. मार गिट्टी खाते, कड वाचते.

झालं. जुलैभर वेंडेल सोफ्यावर बसून लिव्हर ओढत होता. दर फेरीला गिट्टी टणकन उडून बाहेर पडायची, मर्ल ती टीपॉयखालून शोधून परत आत ढकलायचा आणि चर्चमधली हजेरी मोजायचं यंत्र एकदा दाबायचा. तीन बंदुका, तीस हजार फेऱ्या. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या पिवळ्या गिट्ट्या संपल्या आणि पाद्रीबाबांची भिंतीवर लावायची फळी तीन आठवडे भिंतीला टेकून उभी राहिली. (मर्लच्या कंबरेच्या टिकाऊपणाचे आकडे उपलब्ध नाहीत.)

याच काळात परसातली आकडेवारी अशी होती: पहिली पेरणी फस्त, दुसरी पेरणी फस्त, ग्राउंडहॉगचं वजन अंदाजे दीडपट, त्याचा टिकाऊपणा उत्कृष्ट. आर्डिथने तिसरी आणि शेवटची ओळ लावली, भोवती जाळी ठोकली आणि दाराशी येऊन उभी राहिली.

"वेंडेल, मला बारा शेंगा हव्यात. बाराच. जास्त काही मागत नाहीये मी."

"'ब'च्या फक्त सातशे फेऱ्या राहिल्यात," वेंडेल म्हणाला.

मर्लने यंत्र दाबायचं, ते आर्डिथच्या तोंडाकडे बघून थांबवलं. वेंडेलने तेवढी फेरी पुन्हा मोजली.

जत्रेच्या दिवशी दहाच्या आत बशी मांडायची होती. सकाळी सातला आर्डिथ टोपली घेऊन परसात गेली आणि तिथूनच ओरडली, "वेंडेल! बंदूक आण! जाळीच्या आत बसलाय!"

वेंडेल ताडकन उठला. तीन महिन्यांची तपश्चर्या फळाला आली होती.

"कोणती?" त्याने विचारलं.

"कुठलीही!"

एकवीस निकषांत 'कुठलीही' हे उत्तर नव्हतं. तो क्षणभर घोटाळला आणि तिन्ही काखोटीला मारून धावला. ग्राउंडहॉग पंधरा पावलांवर मागच्या पायांवर बसून, पुढच्या दोन हातांत शेंग धरून खात होता. वेंडेलने 'अ' रोखली. खट. लिव्हर ओढताच पिवळी गिट्टी उडून गवतात पडली. 'ब' उचलली. खट. गिट्टी. 'क'चंही तेच. तिन्हींचे आवाज, हे मान्य केलंच पाहिजे, निर्दोष होते. ग्राउंडहॉगने मान वर करून पाहिलं आणि दुसरी शेंग घेतली.

"अरे, काडतूस घाल ना!"

वेंडेलचा चेहरा पडला. "काडतुसं घरात नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"त्यांची तुलना अजून व्हायचीय. दुसऱ्या खंडात आहे ती."

आर्डिथने पायातला गमबूट काढून फेकला. तो नेमका लागला. (गमबूट आठ डॉलरचा, वापर चौदा वर्षं, निकष शून्य.) ग्राउंडहॉग शांतपणे शेडखाली निघून गेला. मग ती वाफ्यात गुडघ्यांवर बसली आणि उरलेल्या शेंगा एकेक करून टोपलीत ठेवू लागली. अकरा निघाल्या. बाराव्या शेंगेचं देठच तेवढं वेलावर होतं.

तरी ती अकरा शेंगा घेऊन गेली. परीक्षक बाईंनी दोनदा मोजल्या, चष्मा काढून पुसला आणि "नियम आहे गं, काय करू," म्हणाल्या. फीत लव्होन बायलरच्या बशीला लागली, जिच्या शेंगांना दोऱ्या सुटतात. दहा वर्षांची मोजणी आता पुन्हा एकपासून, आणि आर्डिथला चौसष्टावं चालू होतं. ती पाटीकडे न बघता टेबलाशी उभी राहिली. हे आपण केलं, ग्राउंडहॉगने नाही, हे वेंडेलला लख्ख कळलं. तिच्याजवळ जावं, हात धरावा, चुकलो म्हणावं, असं ठरवून तो निघालाही.

तेवढ्यात मर्लने अहवालाच्या चाळीस प्रती आणल्या. पुरुषमंडळींचा गराडा पडला. कुणी खेकड्याबद्दल विचारलं, कुणी स्क्रूंबद्दल. दोन्ही चर्चचे लोक अनेक वर्षांत प्रथमच एका जागी उभे राहिले. वेंडेल "आलोच" म्हणत उत्तरं देत राहिला. पाऊण तासाने तो फरसबीच्या टेबलाशी पोहोचला, तेव्हा तिथे अकरा शेंगांची बशी होती आणि आर्डिथ बसने घरी गेली होती. चाळीसच्या चाळीस प्रती संपल्या. (प्रस्तुत लेखकाने दोन घेतल्या. त्या बशीजवळून तोही दोनदा गेला, पण वाचत वाचत.)

वाचकहो, या बाईचं फार वाईट झालं, असं तुम्हालाही वाटलं असेल. वाटायलाच हवं. तिला पुन्हा दहा वर्षं मिळतील का, हे तुम्ही विचारालच, फक्त आधी ते एक कळलं पाहिजे, जे आम्ही अजून सांगितलेलं नाही आणि ज्याच्यासाठी तुम्ही बशीवरून नजर उचलून सरळ इथवर आलात.

तीन बंदुकांत पहिली 'ब' आली. थोडक्या फरकाने.